खुणेचं संत्रं

३ नोव्हेंबर

दिवाकरने भाग पाडलं म्हणून ही वही. मला रोजनिशीची सवय नाही. एकतीस वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोरांच्या प्रयोगवह्या तपासल्या, लिहिण्यावाचण्याची हौस तिथेच फिटली.

झालं ते असं. दिवाकर, माझा धाकटा भाऊ, परवा काटोलहून न कळवता आला. सकाळचे अकरा. त्याची मुलगी पल्लवी त्या वेळी क्लासला असायला हवी होती. राज्यसेवेच्या तयारीसाठीच तिला दीड वर्षापूर्वी माझ्याकडे ठेवलंय. ती होती अंगणातल्या स्कूटरच्या खोलीत, दोन मुलांबरोबर, माइकपुढे. दिवाकर फाटकाशीच उभा राहिला. अख्खं गाणं संपेपर्यंत. मग म्हणाला, "बाई, तुले माहीत होतं?" (सगळी भावंडं मला बाईच म्हणतात.)

माहीत होतं. जुलैपासून. त्याला सांगितलं नव्हतं.

ठरलं ते: संक्रांतीपर्यंत पोरगी इथे. मी रोज लिहायचं. संक्रांतीला तो येईल, वही वाचेल आणि ठरवेल. एक तर ती नागपुरात राहील, नाहीतर गावी परत जाऊन काटोलच्या पतसंस्थेत लागेल. तिथे कारकुनाची जागा त्याने बोलून ठेवली आहे.

"मीच काहून लिहू? पोरीलाच विचार की."

"थे सांगन एक, करन एक. तू खोटं लिहिणार नाहीस."

खुणा. प. = पल्लवी. दि. = दिवाकर. अ. = अभ्यासाचे तास. गा. = गाण्याचे तास. नियम प्रयोगवहीचा: डोळ्यांनी पाहिलं ते निरीक्षण, त्यावरून वाटलं ते अनुमान. या वहीत फक्त निरीक्षण.

४ नोव्हेंबर

अ. ४. गा. अडीच.

बँडमधले दोघे. रोशन, ड्रम. घर इथे मानेवाड्यातच, वडिलांचं टायरचं दुकान. हात स्थिर नसतात, जेवायला बसवलं तर ताट वाजवतो. अंकुश, गिटार आणि लॅपटॉप. खापरखेड्याला वीज केंद्राच्या कॉलनीत घर, रोज बसने येतो, बोलतो कमी. तिघं कॉलेजच्या गॅदरिंगला एकत्र गायले, तेव्हापासून सुटलेले नाहीत.

स्कूटर ह्यांची. हे गेल्यापासून सुरू केलेली नाही. रोशन तिच्या सीटवर बसून वाजवतो. उठवलं नाही.

७ नोव्हेंबर

शेजारचे इंजिनिअर भिंतीवरून: "मॅडम, हे आता रोजचंच का?" म्हटलं, चार ते सहा. सहाच्या वर एक मिनिट झालं तर मला हाक मारा, मी वायर काढीन.

माळ्यावरच्या चार गाद्या काढून खोलीच्या भिंतींना टांगल्या. आवाज बराच कमी झाला. सहाला वायर काढली.

"आत्या, एकच ओळ राहिली होती नं!" रोशन.

"उद्या म्हणा."

अ. ५. गा. २ (बरोबर).

१२ नोव्हेंबर

बँडला नाव नाही म्हणून भांडण. रोशनला संत्र्यावरून हवं. म्हटलं, या गावात लॉण्ड्रीलाही संत्र्याचं नाव आहे. शेवटी अंकुश म्हणाला, "आपण सगळे याला स्कूटरची खोलीच म्हणतो, तेच ठेवू." तेच ठेवलं.

गाणं ऐकलं. हिंदी. त्यात चांदणं, रस्ता आणि कोणीतरी 'तू'. विचारलं, रस्ता कोणता? प. म्हणाली, "कोणताही, आत्या." म्हटलं, कोणत्याही रस्त्याने मी आजवर गेलेली नाही. वर्धा रोड म्हण, काटोल रोड म्हण. तोंड फुगवून बसली. भाकरी मात्र दोन खाल्ल्या.

अ. ३. क्लासच्या चाचणीत निम्म्याच्या खाली.

२३ नोव्हेंबर

दि. संत्री घेऊन आला. आंबिया बहाराची, दिवाळीच्या सुमारास निघणारी फळं दर वर्षी नागपूरच्या नातेवाइकांत वाटतो. व्हरांड्यात सतरंजीवर ढीग केला. प.शी बोलणं: "जेवली?" "हो." संपलं.

मग मोजायला बसला. एका वेळी पाच फळं. डाव्या हातात तीन, उजव्यात दोन, आधी डावा हात पोत्यात रिकामा, मग उजवा. तोंडाने मोजणीची चाल. आमच्याकडे मोजणी 'एक'ने सुरू होत नाही, पहिल्याला लाभ म्हणायचं. लाभ हो लाभ, दोन हो दोन, तीन हो तीन. वीस झाले की शंभर. बाबा असेच मोजायचे. मला अंगणात बसू देत नसत. मी आतल्या खोलीतून ऐकायची.

आता बाजारात बहुतेक वजनावर चालतं. पण काही व्यापारी अजून हजारावर घेतात, आणि मोजणीवरून वाद झाला की दोन्हीकडचे दि.ला बोलावतात. त्याने मोजलेलं पुन्हा कोणी मोजत नाही. त्याचा मान काय तो एवढाच, आणि तो त्याला पुरतो.

रोशन दारात, खांबावर बोटं. "अंक्या, ऐक बे! पाचात आहे हे. तीन अन् दोन, तीन अन् दोन. काका तर घड्याळ आहेत!"

अंकुशचा फोन कुंडीला टेकवलेला. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका चालू. मी पाहिला. दि.ला सांगितलं नाही.

अ. ३. गा. नोंदवता येत नाही.

२४ नोव्हेंबर

गा. २, तरी पूर्ण दोन तास एकच गाणं. मराठी. सुरुवातीला दि.ची मोजणी, तिच्याखाली हळूहळू ड्रम, मग प.:

काटोल रोडला उतरले, बाबा,
पिशवीत तुमचं मोजून दिलेलं घर.

मी दारात उभी होते. हातात पिठाची परात.

दि.च्या आवाजामागून प. म्हणत होती 'एक'. थांबवलं. "लाभ म्हण. तुझ्या आजोबांनी एक म्हणणाऱ्याला अंगणातून उठवलं असतं." दुरुस्त केलं.

पुढे एके ठिकाणी अडले. वीस झाल्यावर दि. थोडा थांबतो आणि पुन्हा लाभपासून सुरू करतो. अंकुश म्हणाला, "आत्या, इथं चाल तुटून राहिली. हा तुकडा काढू का?"

"श्वास घेत असेल. काढ."

काढलं. गाणं सरळ धावायला लागलं.

३ डिसेंबर

अ. ५. गा. १.

४ डिसेंबर

कालची नोंद खोटी. खरी अशी: अ. ०. गा. ८. क्लासची सराव परीक्षा बुडवली. दिवसभर गाणं रेकॉर्ड केलं. शेजारच्या कुत्र्यामुळे सात वेळा पुन्हा, एकदा माझ्या कुकरच्या शिट्टीमुळे. कोथिंबिरीची सांबारवडी मी केली, प्रत्येकी चार. म्हणजे मला सगळं माहीत होतं, आणि मी पाच लिहिलं.

पान फाडायचं नसतं. खोडून खाली सही करायची. केली.

खोटं का लिहिलं, हे लिहीत नाही. ते अनुमान.

१४ डिसेंबर

धरमपेठेत एका कॉफीच्या दुकानाच्या गच्चीवर यांचा पहिला कार्यक्रम. संध्याकाळी साडेपाच. मी शाल घेऊन मागच्या खुर्चीवर. तीसेक माणसं, अर्धी फोनमध्ये.

पहिली दोन गाणी गेली. रोशन घाईत. अंकुशची एक तार तुटली, बदलेपर्यंत प.ने काय बोलायचं ते सुचेना, तिने सांगितलं, "ती मागे बसली आहे ती माझी आत्या. सहा वाजता वायर काढते." लोक हसले. मला वळून पाहिलं. मी घड्याळ पाहिलं.

मग मोजणीचं गाणं. लाभ हो लाभ म्हणताच फोन खाली गेले. माझ्या पुढच्या खुर्चीतले एक गृहस्थ, पांढरी टोपी, मुलाबरोबर आलेले, त्यांचे हात मांडीवर हलायला लागले. डावा, उजवा. डावा, उजवा.

प. डोळे मिटून गात होती. तिला लहानपणापासून ओळखते. ती कशातच पूर्ण नसायची, अर्धा कान दुसरीकडे. आज नव्हता.

एवढं निरीक्षण.

रात्री तिघांनी या गाण्याचं तीन तारखेचं रेकॉर्डिंग नेटवर टाकलं.

१९ डिसेंबर

दि.चा फोन. दुपारी.

"बाई, थो माझा आवाज हाये."

"हो."

"मले न विचारता."

"हो."

"थे जाऊ दे. मोजणी खोटी हाये त्याच्यात. वीस झाले की आपला हात थांबते. थे थांबणं कुठं गेलं?"

बाजारात एका व्यापाऱ्याने सगळ्यांसमोर फोनवर लावलं. म्हणाला, दिवाकरभाऊ, तुमच्या शंभरात तर खूणच नाही गा. आमच्या हजारात किती फळं खाल्ली मग? सगळे हसले. दि. म्हणतो, मीही हसलो. वहिनीने नंतर फोन केला: घरी आला आणि न जेवता झोपला.

'काढ' मी म्हटलं होतं, हे त्याला फोनवर सांगितलं नाही. इथे लिहिते. मी आयुष्यभर आतून ऐकलं; त्या दिवशी व्हरांड्यातही हात वीसपर्यंत पाहिले नाहीत, लक्ष फोनच्या ठिपक्याकडे. न पाहता म्हटलं, श्वास घेत असेल. पहिल्या वर्षाच्या पोराने असं केलं असतं तर मी वही परत फेकली असती.

२० डिसेंबर

प.ने गाणं काढून टाकलं. रोशन चिडला. "एवढ्या लोकांनी ऐकलं. एकाले तरी चूक दिसली का?"

"बाबाले दिसली," प. म्हणाली.

तिने बाबाला चार वेळा फोन लावला. उचलला नाही. मुलांसमोर मी सांगितलं, काढायला मी सांगितलं होतं. अंकुश म्हणाला, "विचारलं मी होतं, आत्या." रोशनचे हातसुद्धा गप्प.

अ. ६. पुस्तक उघडं होतं एवढंच म्हणता येईल. गा. ०.

२४ डिसेंबर

गा. ०. पाचवा दिवस. खोलीला कुलूप. इंजिनिअर भिंतीवरून: "मॅडम, मुलं आजारी आहेत का?"

२८ डिसेंबर

दि. आला. न कळवता. पाठीवर अर्धं पोतं. फाटकातून थेट स्कूटरच्या खोलीकडे, कुलूप हलवून म्हणाला, "उघड. अन् त्या ठोकणाऱ्या पोट्ट्याले बोलाव."

रोशन पाच मिनिटांत आला, एका पायात चप्पल. अंकुशला खापरखेड्याहून यायला तास लागला, तोवर दि. गाद्या लावलेल्या भिंतीकडे पाहत बसला. प. समोर उभी.

अंकुश आल्यावर संत्री जमिनीवर ओतली. मोजायला लागला. या वेळी मी दारात नव्हते, समोर बसले होते, त्याच्या हातांपासून दोन फुटांवर. गुडघे दुखतात, तरी खाली बसले.

वीस झाले. त्याने हात थांबवले. ढिगातून एकच फळ उचललं, डाव्या गुडघ्याजवळ ठेवलं. मग लाभ.

"हे खुणेचं. शंभराची खूण. हे मोजणीत धरत नाही. असे दहा झाले का हजार. मोजणारा विसरला, ऐकणारा विसरला, तरी हे विसरत नाही."

"पण काका, इथं बीट तुटते नं," रोशन.

"तुटू दे. नाही तुटली तर शंभर झाले हे समजन कसं?"

रोशनने वाजवून पाहिलं. वीस, मग हात हवेत. थांबला. एकदम सुरू. पुन्हा. पुन्हा. चौथ्या वेळी दि.ने त्याचं मनगट धरलं: "घाई नको करू गा. खाली ठेव पहिले, मग उचल." पाचव्या वेळी जमलं. त्या रिकाम्या जागेनंतर जेव्हा ड्रम परत आला तेव्हा मला वाटलं, (खोडलं. अनुमान.)

अंकुशने विचारलं, ही खुणेची फळं नंतर कोणाची?

"कोणाचीच नाही. सौदा मिटला की परत ढिगात टाकायची. तोवर हात लावायचा नाही."

जाताना दि. फाटकाशी, माझ्याशी बोलल्यासारखा, पण मोठ्याने: "माझा आवाज काढा त्याच्यातून. गाणं जिचं आहे तिनं मोजावं. अन् मोजता येत नसन, तर शिकावं."

प.ने त्याला चपला सरळ करून दिल्या. त्याने घातल्या.

३० डिसेंबर

अ. ४. गा. २. त्याशिवाय सकाळी साडेसहाला अर्धा तास व्हरांड्यात संत्री. प.च्या डाव्या हातात तीन मावत नाहीत, तिसरं निसटतं, पायरीवरून अंगणात जातं. आज अकरा वेळा गेलं. शेजारच्या इंजिनिअरनी दोनदा आणून दिलं.

४ जानेवारी

संत्री मऊ पडायला लागली, म्हणून प. आता लिंबं घेऊन बसते. म्हटलं, लिंबाने हात खोटा शिकेल, फळ त्याच मापाचं हवं. चौकातून नवी आणली.

अ. ५ (सोबत बसले होते, पाचच).

९ जानेवारी

चाचणीचे गुण: निम्म्याच्या वर, क्लासमधली जी मुलं निवडली जातात त्यांच्या अजून खाली. क्लासच्या सरांना भेटले. म्हणाले, "डोकं आहे, मॅडम. दोन वर्षं सगळं सोडून बसली तर होईल." विचारलं, सगळं म्हणजे? म्हणाले, सगळं.

प.ला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, मी एक सोडून दुसरं करीन असं म्हटलं तर ते खोटं होईल. दोन्ही करीन म्हटलं तर बाबा म्हणतील, दोन्ही अर्धं."

"मग काय म्हणशील?"

"त्यांनी विचारलं तर सांगीन. ते विचारतच नाहीत नं."

११ जानेवारी

नवं गाणं रेकॉर्ड झालं. मोजणी प.ची. वीसपर्यंत हात आणि तोंड बरोबर. मग थांबणं. त्या थांबण्यात फळ लाकडावर ठेवल्याचा बारीक आवाज येतो. अंकुश काढणार होता, मग त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, मला विचारू नकोस. राहिला.

नेटवर टाकलेलं नाही. प. म्हणते, आधी बाबा.

१३ जानेवारी

उद्या दि. येणार. वही सुरुवातीपासून वाचली.

दिवाकर, हे तुला. तासांची बेरीज मी केलेली नाही, तू कर. एक दिवस खोटं लिहिलं ते खोडलेलं दिसेल. तुझा आवाज तुला न विचारता घेतला तेव्हा मी पाहत होते. शंभराची खूण काढायला मी सांगितलं. बाजारात तुझ्यावर हसले त्यात दोष मुलांचा कमी, माझा जास्त.

काय कर, हे सांगणार नाही. तू ते मागितलं नव्हतंस. पण वहीभर पाळलेला नियम एकदा मोडते. अनुमान, एकच: या पोरीला आजवर कोणी चूक दाखवली की ती ते काम सोडून देत आली. गणित सोडलं, सतार सोडली, शिवणही. या वेळी सोडलं नाही.

१४ जानेवारी

दि. आला आहे. व्हरांड्यात चहा घेतो आहे, म्हणून घाईत लिहिते. साडेचारची बस.

येताना शंभर संत्री आणली, वर खुणेचं एक. आत न येता पायरीवर बसून मोजून दिली. प. समोर पोतं धरून बसली. अर्ध्यात तो थांबला, म्हणाला, "पुढं तू." तिने अकरापासून उचललं. तिसरं फळ निसटलं नाही. वीस झाल्यावर थांबली. खुणेचं फळ त्यानेच उचललं आणि खोलीच्या खिडकीत ठेवलं.

तीळगूळ दिला. त्याने तिच्याकडूनही घेतला. मग एकच वाक्य: "सोमवारी पतसंस्थेत सांगा लागन, येते का नाही येत."

"तुम्ही वाचून सांगा," प. म्हणाली. "मग मी माझंही सांगीन. ऐकाल नं?"

त्याने बशीत चहा ओतला.

आज दिवाकरच्या हाती दिलं ते:

ही वही, लिहिलेली पानं सगळी, खोडलेल्या पानासकट.

क्लासच्या चाचण्यांचे गुण, चार कागद.

नवं गाणं, त्याच्या फोनमध्ये. प.ने घातलं. कसं लावायचं ते रोशनने दोनदा दाखवलं.

स्कूटरच्या खोलीची दुसरी किल्ली. मागितली नव्हती. मी दिली, त्याने घेतली.

मोजलेली शंभर संत्री त्याने मला दिली, पोत्यासकट. खिडकीतलं एक अजून तिथेच आहे. रोशन आत्ता सोलायला निघाला होता, प.ने हात धरला. दि.ने ते पाहिलं. ढिगात परत टाकलं नाही.